आधी फाईल, मग कागद

मिरजेत १८०५ साली पटवर्धनांच्या आश्रयाने भगवद्गीता छापली गेली. नाना फडणविसांच्या काळात पुण्यात सुरू झालेला हा उद्योग पुढे मिरजेला आला आणि तिथे तडीस गेला. या छपाईसाठी तांब्याच्या पत्र्यावर पानेच्या पाने कोरून काढली होती, त्यामुळे छापखान्याच्या दृष्टीने प्रत्येक पान हे एक अखंड चित्र होते. त्यातला एखादा शब्द बदलायचा ठरवले, तर पत्राच नव्याने कोरावा लागला असता. पुढे सुट्या खिळ्यांची छपाई रुळली. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी अक्षरांचे इतके सुबक ठसे पाडले की त्यांचे नाव देशभर झाले. जुळारी एकेक खिळा उचलून ओळ जुळवी, छपाई आटोपली की तेच खिळे पुन्हा आपापल्या घरात टाकी आणि त्यांतूनच दुसऱ्या पुस्तकाचे पान उभे राही. अक्षर पानापासून सुटे झाले, ते या टप्प्यावर.

संगणकाने अक्षराचे धातूचे अंगही काढून टाकले. आज सांगलीच्या एखाद्या डीटीपी केंद्रात, म्हणजे संगणकावर पाने जुळवून देणाऱ्या ठिकाणी, पुस्तक तयार होते, तेव्हा ते आधी फाईल असते. कागदावरची प्रत ही त्या फाईलची एक नक्कल असते. त्याच फाईलमधून फोनवर वाचायचे ई-पुस्तक, अंध वाचकांसाठीची ब्रेल प्रत, आवाजात ऐकण्याची सोय आणि दहा वर्षांनी हवी असलेली नवी आवृत्ती, हे सारे निघू शकते. मात्र त्यासाठी फाईल तशी बनवलेली असावी लागते आणि आपल्याकडच्या बहुसंख्य मराठी पुस्तकांच्या फाईली तशा बनवलेल्या नाहीत. छापील पुस्तक टिकणार की जाणार, यावर व्याख्यानमालांतून पुष्कळ बोलले जाते. मला त्याहून अधिक काळजी वाटते ती या फाईलची, कारण पुस्तकाचे पुढचे आयुष्य तिच्यावर अवलंबून आहे आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष नाही.

प्रथम छपाईचे गणित पाहू, कारण डिजिटल तंत्रामुळे सर्वांत थेट बदल तिथे झाला आहे. समजा, तासगावच्या एका निवृत्त शिक्षकांनी आपल्या गावाचा इतिहास लिहिला आहे आणि तो डेमी या पुस्तकांच्या नेहमीच्या आकारात १६० पानांचा होतो. ऑफसेट छपाईत डेमीच्या एका कागदावर एका बाजूला आठ आणि दुसऱ्या बाजूला आठ, अशी सोळा पाने बसतात. घड्या घालून कापल्यावर त्यांचा एक फॉर्म होतो. म्हणजे या पुस्तकाचे दहा फॉर्म झाले आणि प्रत्येक फॉर्मला दोन याप्रमाणे वीस प्लेटा, म्हणजे छपाईचे पत्रे, लागल्या. रंगीत मुखपृष्ठाला निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार शाईंच्या चार प्लेटा वेगळ्या. या प्लेटा बनवणे, त्या यंत्रावर चढवणे, शाई आणि पाण्याचा मेळ बसेपर्यंत काही कागद वाया घालवणे, हा खर्च पहिली चांगली प्रत हाती येण्याआधीच होऊन जातो. तो पन्नास प्रतींना जेवढा, तेवढाच पाच हजार प्रतींना.

गणित समजावे एवढ्यासाठी काही आकडे धरू. प्रत्यक्ष दर कागदावर, पानांवर आणि छापखान्यावर अवलंबून राहतील. यंत्र चालू होण्याआधीचा खर्च १२,००० रुपये आणि नंतर दर प्रतीला कागद, छपाई व बांधणी मिळून ५० रुपये धरले, तर हजार प्रतींना ६२,००० रुपये लागतील आणि एक प्रत ६२ रुपयांना पडेल. पण तेवढ्याच तयारीवर शंभरच प्रती काढल्या, तर खर्च १७,००० होईल आणि प्रत १७० रुपयांवर जाईल. म्हणूनच आजवर छापखान्याचा मालक लेखकाला ‘निदान हजार तरी काढा’ असे सांगत आला. त्या सल्ल्यात खोट काहीच नव्हती. अडचण पुढे येत असे. नातेवाईक, माजी विद्यार्थी, ग्रंथालये आणि प्रकाशन समारंभातली विक्री मिळून दोन-अडीचशे प्रती जात आणि उरलेले गठ्ठे माळ्यावर वाळवीची वाट पाहत पडत.

डिजिटल छपाईत प्लेट नसते. फाईल थेट यंत्राला जाते आणि मोठ्या लेझर प्रिंटरसारखे यंत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एक प्रत सलग छापून देते. तयारीचा खर्च जवळजवळ नाही, मात्र प्रत्येक प्रतीचा दर चढा असतो. तो ११० रुपये धरला, तर शंभर प्रती ११,००० रुपयांत होतात, पण हजार प्रतींना १,१०,००० रुपये मोजावे लागतात. या आकड्यांत दोन्ही पद्धतींचा खर्च २०० प्रतींवर सारखा होतो. त्याखाली डिजिटल स्वस्त, त्यावर ऑफसेट स्वस्त. मागणीनुसार छपाई म्हणतात ती हीच. अमेरिकेत १९९०च्या दशकाच्या अखेरीस ती व्यवसाय म्हणून उभी राहिली आणि आता मराठी प्रकाशकांच्याही चांगलीच अंगवळणी पडली आहे. तिच्यामुळे ‘आवृत्ती संपली’ या शब्दांना पूर्वीचा अर्थ उरला नाही, कारण फाईल शाबूत असेल तर वर्षाला दहा प्रतींची मागणी असलेले पुस्तकही बाजारात राहू शकते. तालुक्याचा इतिहास, बोलीचा कोश, एखाद्या घराण्याची कागदपत्रे, लोकगीतांचा संग्रह अशा पुस्तकांना वाचक मोजकेच, पण ते वर्षानुवर्षे येत राहतात. या पुस्तकांसाठी हा बदल फार मोलाचा आहे.

इथे एक सावधगिरी हवी. हा हिशेब फक्त छपाईचा आहे. संपादन, अक्षरजुळणी, मुखपृष्ठाचे चित्र आणि मुद्रितशोधन यांचा खर्च दोन्हीकडे तोच राहतो. छपाई शंभर प्रतींवर आली की तो शंभरांत वाटला जातो आणि जड वाटू लागतो, म्हणून पहिली कात्री मुद्रितशोधकाच्या मानधनाला लागते. खिळ्यांच्या काळात चूक दुरुस्त करणे कष्टाचे होते, त्यामुळे गॅली प्रूफ आणि पान प्रूफ या तपासणीच्या प्रती डोळ्यांत तेल घालून वाचल्या जात. आता दुरुस्ती क्षणात होते, आणि नेमक्या त्याच कारणाने ती ‘नंतर करू’ म्हणून राहून जाते.

शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रणालींवरही मराठीत पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. आपण प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहितो. ‘घर’ या एका शब्दापासून ‘घरातल्यांनीसुद्धा’, ‘घरासमोरच्याला’ अशी असंख्य रूपे होतात आणि ती सगळी कोणत्याही शब्दसूचीत मावत नाहीत. त्याहून अवघड प्रश्न दोन्ही बरोबर असलेल्या शब्दांचा. ‘दीन दुबळे’ लिहिताना ‘दिन दुबळे’ झाले तर संगणक गप्प राहतो, कारण दिवस या अर्थाचा ‘दिन’ त्याच्या सूचीत आहे. ‘सुत’ आणि ‘सूत’ यांचेही तसेच. वाक्याचा अर्थ कळणारा माणूस तिथे लागतोच.

आता फाईलकडे वळू. मराठी डीटीपी ज्या काळात घरोघरी पोहोचले, तेव्हा संगणकाला देवनागरी मुळात ठाऊक नव्हती. त्यावर त्या काळच्या तंत्रज्ञांनी उपाय असा काढला की रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरी आकार बसवायचे. पडद्यावर आणि कागदावर सुंदर मराठी दिसे, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरे आणि चिन्हेच असत. श्रीलिपी, आकृती यांसारख्या प्रणालींनी दिवाळी अंक, लग्नपत्रिका, साखर कारखान्यांचे वार्षिक अहवाल आणि हजारो पुस्तके घडवली. ते ऋण मोठे आहे. पण प्रत्येक प्रणालीची घरे वेगळी होती. अशी जुनी फाईल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की पानभर अर्थहीन रोमन चिन्हे दिसतात. त्यात ‘कृष्णा’ हा शब्द शोधला तर सापडत नाही, कारण तो शब्द त्या फाईलमध्ये नाहीच, त्याचे केवळ दिसणे आहे.

युनिकोडने हा प्रश्न मुळातून सोडवला. १९९१ मध्ये आलेल्या त्याच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळाले. ‘क’ला एक क्रमांक, वेलांटीला एक, अनुस्वाराला एक, आणि हे क्रमांक जगातल्या कोणत्याही यंत्रावर तेच. तरीही मराठी प्रकाशनविश्व बराच काळ जुन्या फॉन्टांवरच राहिले, कारण पानाची मांडणी ज्या पेजमेकरमध्ये होत असे त्याला युनिकोड मराठी पेलत नव्हती. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. आपल्याकडे त्यानंतरही अनेक ठिकाणी तोच वापरात राहिला, कारण ऑपरेटरचा हात त्यावर बसलेला होता आणि छापून येणाऱ्या पानात काही उणे दिसत नव्हते. उणीव पुस्तकाला दुसरे रूप द्यायची वेळ आली तेव्हा दिसली.

जुन्या फाईलचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने आहेत, पण त्यांत काय होते ते एकदा जवळून पाहावे. ‘किती’ या शब्दातली पहिली वेलांटी दिसते ‘क’च्या आधी, मात्र उच्चारात ती ‘क’च्या नंतर येते. जुन्या फॉन्टमध्ये ती दिसते त्या क्रमाने साठवलेली असते, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. रफाराचे याच्या उलट. ‘धर्म’ शब्दात रफार ‘म’च्या डोक्यावर बसतो आणि जुन्या फाईलमध्ये ‘म’नंतर टंकलेला असतो, युनिकोडमध्ये मात्र ‘र’ हा ‘म’च्या आधी यायला हवा. म्हणजे रूपांतर करणाऱ्या साधनाला प्रत्येक वेलांटी आणि प्रत्येक रफार उचलून योग्य जागी न्यावा लागतो. साधा शब्द असेल तर ते जमते. ‘मूर्तींच्या’, ‘कर्त्यांचा’ असे जोडाक्षर, रफार आणि अनुस्वार एकत्र आले की एखादे चिन्ह शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. दोनशे पानांच्या पुस्तकात अशा चुका सर्वत्र विखुरलेल्या राहतात आणि त्या काढायला पुस्तक पुन्हा अथपासून इतिपर्यंत मूळ प्रतीशी ताडून वाचावे लागते. पुष्कळ ई-पुस्तकांत दिसणारा अशुद्धपणा लेखकाचा नसतो, तो या टप्प्यावर शिरलेला असतो.

युनिकोडमध्येही मराठीचे स्वतःचे काही प्रश्न आहेत. ‘वाऱ्यावर’, ‘दऱ्या’ यांतला आडवा ‘र’ हे आपल्या लेखनाचे खास वैशिष्ट्य. तो टंकण्याच्या दोन रीती प्रचारात आहेत. एकीत खालचा ठिपका असलेला ‘ऱ’ वापरतात, दुसरीत साध्या ‘र’नंतर हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह घालतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण एका रीतीने शोधलेला शब्द दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या पुस्तकात सापडेलच असे नाही. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ मिळणे हेही फॉन्टवर अवलंबून असते, कारण हिंदी वळणाच्या अक्षरांना आणि त्यांना युनिकोडमध्ये क्रमांक एकच आहे. कोणत्या भाषेचा मजकूर आहे हे फाईलमध्ये नोंदवले आणि फॉन्टात तशी सोय असली, तर योग्य वळण आपोआप येते. ही नोंद करायला दोन क्षण पुरतात, म्हणून ती झालेली नसली की वाईट वाटते.

ई-पुस्तक म्हणून आपल्यापर्यंत जे येते ते प्रामुख्याने दोन प्रकारचे असते आणि त्यांतला फरक मिरजेच्या ताम्रपत्र्यांवरून चटकन ध्यानात येईल. पीडीएफ हा पत्र्यावर कोरलेल्या पानाचा वारस आहे. पान जसे मांडले तसेच दिसते, ओळ तिथेच तुटते, चित्र तिथेच राहते. छापखान्याला हेच हवे असते. पण सहा इंची फोनवर ते पान वाचायचे तर अक्षर मोठे करून पान डावी-उजवीकडे सरकवत बसावे लागते. ईपब हा सुट्या खिळ्यांचा वारस. त्यात मजकूर आणि ‘हे प्रकरणाचे शीर्षक’, ‘हा परिच्छेद’, ‘ही तळटीप’ अशा खुणा असतात आणि पान कसे दिसावे हे वाचकाचे यंत्र ठरवते. आजोबांनी अक्षर मोठे केले तर ओळी आपोआप नव्याने जुळतात. कादंबरी, चरित्र, कथासंग्रह यांना हे उत्तम मानवते. कवितेला नीट मानवत नाही, कारण कवीने जिथे ओळ तोडली तिथे यंत्र तोडेल याची खात्री नसते. ओवी-अभंगांच्या पुस्तकांत त्यासाठी प्रत्येक ओळीला वेगळी खूण घालावी लागते. शिवाय पानांचे क्रमांक स्थिर न राहिल्याने संदर्भ देताना ‘पृष्ठ अमुक’ म्हणता येत नाही. शोधनिबंध लिहिणाऱ्यांना ही अडचण रोजची आहे.

वाचण्याच्या यंत्रांविषयी थोडक्यात. किंडलसारख्या यंत्राचा पडदा फोनच्या पडद्याहून वेगळा असतो. त्यात सूक्ष्म कुप्यांमध्ये काळे-पांढरे कण असतात, विजेच्या इशाऱ्याने ते वर किंवा खाली जातात आणि तसेच राहतात. वीज लागते ती पान बदलताना. त्यामुळे उन्हातही स्पष्ट दिसते आणि बॅटरी पुष्कळ दिवस चालते. अॅमेझॉनने किंडल २००७ मध्ये अमेरिकेत आणले आणि २०१६ च्या डिसेंबरात भारतात मराठीसह पाच भारतीय भाषांतली पुस्तके त्यावर देऊ केली. तरी मराठी माणूस ई-पुस्तक वाचतो ते मुख्यतः फोनवरच, असे माझे निरीक्षण आहे. श्राव्य पुस्तकांचीही गाडी आता रुळावर आली आहे. स्टोरीटेल २०१७ मध्ये भारतात आले, त्यात मराठीला सुरुवातीपासून स्थान होते, आणि सांगली-पुणे प्रवासात किंवा द्राक्षबागेतले काम करताना पुस्तक ऐकणारा वाचक त्यातून मिळाला.

जुन्या पुस्तकांचे काय, हा प्रश्न सांगलीकरांना वेगळ्या तीव्रतेने जाणवतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. शहरातली दुकाने आणि घरे जशी पाण्यात गेली, तशी जुन्या ग्रंथसंग्रहातली पुस्तकेही भिजली. कागद पाणी पितो, फुगतो, पाने एकमेकांना चिकटतात आणि एक-दोन दिवसांत बुरशी धरते. पुन्हा छापली न गेलेली, जगात मोजक्याच प्रती उरलेली पुस्तके अशा वेळी कायमची जातात. या जिल्ह्याच्या पोटात असे साहित्य पुष्कळ आहे. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीत ‘किर्लोस्कर खबर’ सुरू झाले, पुढे १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ आले. ओसाड माळावर वसलेल्या कारखान्याच्या गावातून निघणारी ही मासिके महाराष्ट्रभर वाचली जात. त्यांचे अंक, संस्थानी काळातल्या छापखान्यांची पुस्तके, शाळांच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिका, हे सारे कुठल्या ना कुठल्या कपाटात आहे.

त्यांना वाचवण्याची पहिली पायरी म्हणजे स्कॅनिंग. पण स्कॅन हे पुन्हा चित्रच, म्हणजे कोरीव पत्रा. चित्रातून अक्षरे ओळखण्याचे तंत्र, ज्याला ओसीआर म्हणतात, ते मराठीसाठी आता उपलब्ध आहे आणि स्वच्छ छपाईवर चांगले काम करते. जुन्या, शाई पसरलेल्या पानावर मात्र ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’, ‘ष’ आणि ‘प’ यांची अदलाबदल होते. जुन्या खिळ्यांची जोडाक्षरे उभ्या उतरंडीची असत, तिथेही गफलत होते. म्हणून ओसीआरनंतर पुन्हा माणसाने वाचणे आलेच. मराठी विकिस्रोत या मुक्त ग्रंथसंग्रहाच्या संकेतस्थळावर स्वयंसेवक हे काम पानागणिक करतात. डाव्या बाजूला मजकूर, उजव्या बाजूला मूळ पानाचे चित्र, आणि एकाने तपासलेले पान दुसरा पुन्हा तपासतो. सांगली-साताऱ्याच्या महाविद्यालयांतल्या मराठी विभागांनी विद्यार्थ्यांना हे काम प्रकल्प म्हणून दिले, तर मुद्रितशोधनाचे शिक्षणही होईल आणि जिल्ह्याचा ठेवाही उभा राहील, असे मला मनापासून वाटते.

अशा कामात कायद्याचे भान हवे. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे हक्क राखीव असतात. साने गुरुजींचे निधन जून १९५० मध्ये झाले, म्हणून त्यांचे साहित्य १ जानेवारी २०११ पासून सर्वांना खुले झाले. हयात लेखकाच्या चालू पुस्तकाची पीडीएफ व्हॉट्सअॅप समूहात पुढे ढकलणे हा मात्र गुन्हा आहे. त्यासाठी कायद्यात सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. ज्या भाषेत पुस्तकाच्या काही शे प्रती खपणे हेच यश मानले जाते, तिथे एका समूहात फिरलेली पीडीएफ पुढची आवृत्ती मारून टाकते. पाठवणाऱ्याच्या मनात बहुधा वाचनप्रेमच असते, म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

ज्ञानग्रंथांच्या बाबतीत डिजिटल रूपाचा लाभ वाईइतका स्पष्ट क्वचितच कुठे दिसेल. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली तिथे उभ्या राहिलेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये आला आणि विसावा २०१५ मध्ये पूर्ण झाला. जवळपास चार दशकांच्या या प्रवासात पहिल्या खंडांतल्या विज्ञानाच्या, देशांच्या, लोकसंख्येच्या नोंदी जुन्या होणे अटळच होते आणि छापील खंडात नवी माहिती घालायची तर नव्या आवृत्तीची वाट पाहावी लागते. आता हे खंड संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात आणि नोंदींचे अद्ययावतीकरण विषयवार ज्ञानमंडळांकडून होते. आटपाडीच्या शाळेतल्या मुलाला वीस जाडजूड खंडांचे कपाट आता लागत नाही. याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. सतत बदलणाऱ्या नोंदीत काल काय लिहिले होते हे उरत नाही, तर छापील खंड हा त्या काळच्या ज्ञानाचा गोठलेला पुरावा असतो. म्हणून छापील खंड रद्दीत जाता कामा नयेत. त्याच सातारा जिल्ह्यात भिलारला ४ मे २०१७ रोजी सुरू झालेले ‘पुस्तकांचे गाव’ पाहिले, तर हातात धरून वाचण्याची ओढ सरलेली नाही हेही कळते.

विकत घेतलेले ई-पुस्तक आपले असते का, याचे उत्तर अनेकांना धक्का देणारे आहे. बहुतेक मोठ्या मंचांवर आपण पैसे भरतो ते वाचण्याच्या परवान्याचे. २००९ मध्ये अॅमेझॉनने हक्कांचा वाद निघाल्यावर ग्राहकांच्या किंडलवरून विकलेली पुस्तके परस्पर काढून घेतली होती, आणि २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा वाचकांना पैसे परत मिळाले, पण पुस्तके गेली. छापील पुस्तक मात्र आपण मित्राला देऊ शकतो, वाचनालयाला भेट देऊ शकतो, नातवासाठी ठेवू शकतो. करातही दोघांना वेगळी वागणूक मिळाली. छापील पुस्तकाला जीएसटी लागला नाही. ई-पुस्तकावर सुरुवातीला १८ टक्के होता आणि जुलै २०१८ पासून ज्याची छापील आवृत्ती आहे अशा ई-पुस्तकापुरता तो ५ टक्क्यांवर आणला गेला.

डिजिटल रूपाने ज्यांच्यासाठी दारच उघडले ते वाचक म्हणजे अंध आणि दृष्टिदोष असलेले लोक. नीट बनवलेली युनिकोड फाईल फोन मोठ्याने वाचून दाखवू शकतो, जुन्या फॉन्टातली फाईल तो वाचूच शकत नाही. अशा वाचकांसाठी पुस्तके सुलभ रूपात आणण्याची वाट मोकळी करणारा मराकेश करार सर्वप्रथम मंजूर करणारा देश भारत होता, २०१४ मध्ये. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनेच ही सवलत आली होती. कायद्याने वाट दिली आहे. मजकूर त्या वाटेवर चालण्याजोगा करणे प्रकाशकाच्या हातात आहे.

२०१२ च्या त्याच दुरुस्तीत लेखकांच्या कामाची आणखी एक तरतूद आहे. करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात नव्हते किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्या माध्यमाचे हक्क करारात स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय प्रकाशकाकडे जात नाहीत. तसेच हक्क किती काळासाठी दिले हे लिहिलेले नसेल, तर कायदा तो काळ पाच वर्षे मानतो. म्हणून आज पुस्तक देताना छापील, ई-पुस्तक, श्राव्य आणि अनुवाद यांचे हक्क वेगवेगळे, मुदतीसह आणि मानधनाच्या दरासह लिहून घ्यावेत. तेवढ्याने दोन्ही बाजूंचे पुढचे वाद टळतात. लेखक स्वतःच अॅमेझॉनवर ई-पुस्तक टाकणार असेल, तर तिथे ३५ किंवा ७० टक्के असे मानधनाचे दोन दर आहेत. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के मिळवायचे तर ते ई-पुस्तक ९० दिवसांच्या मुदतीने केवळ त्यांच्याकडेच ठेवण्याची अट पाळावी लागते, म्हणजे तेवढ्या काळात ते दुसऱ्या कोणत्याही मराठी ई-पुस्तक विक्रेत्याला देता येत नाही. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, आपल्या देशात विनामूल्य मिळतो. छापील आणि ई-पुस्तक यांना तो स्वतंत्र घ्यावा, कारण दुकानदार, ग्रंथालय आणि ऑनलाइन शोध या तिन्हींच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

छापील पुस्तकाच्या प्रती कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि ठरलेली इतर सार्वजनिक ग्रंथालये यांना पाठवण्याचे बंधन १९५४ च्या कायद्याने प्रकाशकावर घातले आहे. तो कायदा कागदावरच्या पुस्तकाचा विचार करून झालेला आहे. केवळ ई-पुस्तक म्हणून निघालेल्या पुस्तकाला असे ठरलेले घर नाही. त्यामुळे ते सांभाळण्याचा भार तूर्त लेखक आणि प्रकाशक यांच्यावरच येतो.

तासगावच्या त्या शिक्षकांसारख्या कोणालाही माझे सांगणे असे, की छपाईचे शेवटचे बिल चुकते करताना प्रतींच्या गठ्ठ्याबरोबर चार गोष्टी मागून घ्याव्यात: छपाईला गेलेली पीडीएफ, पानांच्या मांडणीची मूळ फाईल, संपूर्ण मजकूर युनिकोडमध्ये आणि मुखपृष्ठाची मोठ्या आकाराची फाईल. मजकूर जुन्या फॉन्टात जुळवला असेल, तर रूपांतर करून तो पुन्हा ताडून देण्याचे काम दर ठरवतानाच बोलून घ्यावे. या फाईली एका पेनड्राइव्हवर ठेवून भागत नाही. एक संच घरच्या संगणकावर, एक इंटरनेटवरच्या साठवणीत आणि एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे असावा, म्हणजे पूर आला किंवा यंत्र बिघडले तरी सगळे एकदम जाणार नाही. दर दोन-तीन वर्षांनी त्या उघडतात का हे पाहावे. हे काम छापखान्यावर सोडू नये, कारण तिथला ऑपरेटर बदलतो, संगणक बदलतो आणि पाच वर्षांनी दुसऱ्या आवृत्तीसाठी गेलो की फाईल सापडत नाही.